जिंकलेली टेकडी राखायची कशी? कॅरी अंडरवूडची गोष्ट

या मालिकेत याआधी बोललेले वक्ते आपापल्या विषयातले जाणकार होते. मी सैन्यातून निवृत्त झालेला कर्नल, मुक्काम महू. माझ्याकडून तुम्ही कारगिल, सियाचीन, निदान एनडीएच्या आठवणी तरी ऐकायला बसला असाल. आज मी अमेरिकेतल्या एका गायिकेबद्दल बोलणार आहे. तिचं नाव कॅरी अंडरवूड. टीव्हीवरची एक स्पर्धा जिंकून ती रातोरात प्रसिद्ध झाली. पण मला कुतूहल आहे ते त्या रात्रीनंतरच्या वीस वर्षांचं.

फौजी माणसाचा या संगीताशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध जुना आहे. 1980च्या दशकात मी पलटणीत दाखल झालो तेव्हा ऑफिसर्स मेसमध्ये संध्याकाळी जिम रीव्ह्जच्या कॅसेट लागायच्या. हा गायक 1964 मध्ये विमान अपघातात गेला. तरी त्याचा आवाज आमच्या मेसमध्ये पुढं कित्येक वर्षं मुक्कामाला होता. मग ईशान्येकडे पोस्टिंग झालं. तिकडे नागालँड, मिझोराम, मेघालयात घराघरात गिटार, आणि गिटारवर हीच गाणी. याला 'कंट्री' म्हणतात हे मला तिथं कळलं.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतकऱ्यांचं, मजुरांचं, ट्रक चालवणाऱ्यांचं गाणं. फिडल, बँजो, गिटार ही वाद्यं, आणि गाण्यात बहुतेक वेळा एक गोष्ट. पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाला गोष्ट सांगणारं गाणं परकं वाटत नाही. या संगीताची राजधानी टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. तिथं 'ग्रँड ओल ऑप्री' नावाचा रेडिओ कार्यक्रम 1925 पासून चालू आहे. ऑप्रीचं सभासद होणं हा कंट्री गायकाचा सर्वांत मोठा मान. त्यासाठी ऑप्रीच्या व्यवस्थापनाकडून बोलावणं यावं लागतं.

आता कॅरीकडे वळू. जन्म 10 मार्च 1983, ओक्लाहोमा राज्यातला. चेकोटा नावाच्या गावी शेतावर ती वाढली. गावाची लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे ज्याला मोठं खेडं म्हणू तेवढी. वडील कागदाच्या कारखान्यात कामाला, आई प्राथमिक शिक्षिका. दोघी मोठ्या बहिणीही पुढे शिक्षिकाच झाल्या. ही मुलगी चर्चमध्ये गायची, गावच्या जत्रेत गायची, लायन्स क्लबच्या कार्यक्रमात गायची. घरात कोणी संगीतकार नाही, ओळखीपाळखी नाहीत.

ती तेरा-चौदा वर्षांची असताना एक संधी आली. नॅशव्हिलमध्ये कॅपिटल रेकॉर्ड्ससाठी तिची चाचणी झाली आणि कराराची तयारीही सुरू झाली. तेवढ्यात कंपनीचं व्यवस्थापन बदललं आणि करार बारगळला. तेरा-चौदाव्या वर्षी असा हातातोंडाशी आलेला घास गेला, तर मूल एक तर कडवट होतं किंवा त्या एकाच गोष्टीच्या मागे लागून बाकी सगळं सोडून देतं. हिनं दोन्ही केलं नाही. ती परत आली आणि अभ्यासाला लागली. 2001 मध्ये शाळेतून दुसऱ्या क्रमांकानं बाहेर पडली. जवळच्याच टालेक्वा गावी नॉर्थईस्टर्न स्टेट युनिव्हर्सिटीत पत्रकारितेला गेली. शिकता शिकता पिझ्झाच्या दुकानात वेटरचं काम केलं, प्राणिसंग्रहालयात आणि जनावरांच्या दवाखान्यात काम केलं. उन्हाळ्यात कॉलेजच्या एका कंट्री कार्यक्रमात गायची. तो करार हुकला ते बरंच झालं, असं तिनं पुढे मुलाखतींत सांगितलं आहे.

2004 च्या उन्हाळ्यात 'अमेरिकन आयडॉल'च्या चौथ्या पर्वाच्या चाचण्या होत्या. सर्वांत सोयीचं केंद्र सेंट लुइस, तेही शेजारच्या राज्यात. तिथवर ती मोटारीनं गेली. पदवीला थोडंच बाकी होतं. निवड झाली आणि पुढच्या फेरीसाठी हॉलिवूडला जायचं ठरलं, तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. वय एकवीस.

पुढचं अमेरिकेनं दर आठवड्याला टीव्हीवर पाहिलं. मार्च 2005 मध्ये तिनं हार्ट या रॉक बँडचं एक अवघड गाणं घेतलं. ते संपल्यावर सायमन कॉवेल हा परीक्षक म्हणाला की, ही मुलगी स्पर्धा तर जिंकेलच, शिवाय आतापर्यंतच्या सगळ्या विजेत्यांपेक्षा हिच्या रेकॉर्ड जास्त खपतील. कॉवेल स्तुतीच्या बाबतीत भलताच कंजूष माणूस, म्हणून त्या वाक्याला वजन होतं. 25 मे 2005 रोजी बो बाइस या रॉक गायकाला मागे टाकून ती जिंकली. अंतिम भाग जवळपास तीन कोटी लोकांनी पाहिला. बक्षिसात किमान दहा लाख डॉलरचा करार आणि एक मोटार. महिनाभरात तिचं पहिलं गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं. कंट्री गायकाच्या बाबतीत असं आधी कधीच झालं नव्हतं.

बहुतेक लोक गोष्ट इथं संपवतात. पायदळात मात्र आम्हाला पहिल्या वर्षीच एक धडा शिकवतात. टेकडी चढून शत्रूचं ठाणं घेतलं, झेंडा लागला, की जवानांना वाटतं लढाई झाली. खरा धोका त्याच क्षणी असतो. माणसं दमलेली असतात, दारूगोळा संपत आलेला असतो, कोण कुठे आहे याचा पत्ता नसतो, आणि शत्रूला त्या टेकडीचा इंचन् इंच ठाऊक असतो. त्याचा प्रतिहल्ला येणारच. म्हणून टेकडी हाती आल्याबरोबर खंदक सुधारायचे, दारूगोळा वर आणायचा, माणसं मोजायची, मारा कुठून येईल ते हेरायचं. हे ज्याला जमत नाही, त्याची टेकडी सकाळी परत गेलेली असते.

टीव्हीच्या स्पर्धेतला विजय हा असाच टेकडीवरचा झेंडा. पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, टेलर हिक्स विजेता ठरला. दोन वर्षांच्या आत त्याच्या कंपनीनं त्याच्याशी संबंध संपवले. त्याच पर्वात चौथा आलेला ख्रिस डॉट्री. त्याच्या बँडचा पहिलाच अल्बम लाखोंनी खपला. 2004 मध्ये सातव्या क्रमांकावर बाहेर पडलेली जेनिफर हडसन 2007 मध्ये ऑस्कर घेऊन गेली. आपल्याकडेही हेच चित्र दिसतं. 2005 मध्येच सोनीवर 'फेम गुरुकुल' झालं. त्यात अरिजित सिंग नावाचा बंगाली मुलगा होता, तो जिंकला नाही. 2013 नंतर देशात त्याचाच आवाज घुमू लागला. म्हणजे ट्रॉफी हा काही हमीपत्राचा कागद नव्हे.

मग कॅरीनं टेकडी राखली कशी? मला तीन-चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, आपली जमीन कोणती हे तिनं ओळखलं. स्पर्धेत तिनं रॉक गायलं, पॉप गायलं. विजेतीला पॉप गायिका करून टाकणं कंपनीला सहज जमलं असतं. ती नॅशव्हिलला गेली आणि कंट्रीच करायचं ठरवलं. ते सोपं नव्हतं. कंट्रीच्या जगात लोक वर्षानुवर्षं बारमध्ये गाऊन, गाणी लिहून, रेडिओ केंद्रांच्या पायऱ्या झिजवून वर येतात. टीव्हीवरून थेट उतरलेल्या मुलीकडे ते 'ही कोण आयती आली' याच नजरेनं पाहणार. आमच्याकडे नवा लेफ्टनंट पलटणीत येतो तेव्हा जुने सुभेदार त्याच्याकडे पाहतात ना, तसं. खांद्यावरचे तारे सरकारनं दिलेले असतात, मान मात्र कमवावा लागतो.

दुसरी गोष्ट, तिनं गाण्यांची निवड काटेकोरपणे केली. नॅशव्हिल हे गीतकारांचं गाव आहे. तिथं दोघं-तिघं एका खोलीत बसून गाणं लिहितात आणि मग ते गाणं योग्य गळ्याच्या शोधात फिरतं. कॅरीचा पहिला अल्बम 'सम हार्ट्स' 15 नोव्हेंबर 2005 रोजी आला आणि पहिल्या आठवड्यात तीन लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यातलं 'जीझस, टेक द व्हील' हे गाणं ब्रेट जेम्स, हिलरी लिंडसी आणि गॉर्डी सॅम्पसन या तिघांनी लिहिलेलं. बर्फाळ रस्त्यावर गाडी घसरलेल्या एका तरुण आईची ती गोष्ट. सहा आठवडे ते कंट्रीच्या यादीत पहिलं राहिलं. त्याच अल्बममध्ये फसवणाऱ्या प्रियकराच्या गाडीची मोडतोड करणाऱ्या बाईचंही गाणं आहे. एक प्रार्थना, दुसरा संताप, आणि गळा एकच. त्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत सत्तर लाखांहून जास्त प्रती गेल्या. कॉवेलचं भाकीत खरं ठरलं. फेब्रुवारी 2007 मध्ये सर्वोत्तम नवोदित कलाकाराचं ग्रॅमी तिला मिळालं. आज तिच्याकडे आठ ग्रॅमी आहेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. एवढं सगळं चालू असताना तिनं 2006 मध्ये आपली अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण केली, तीही उत्तम गुणांनी. पैशासाठी तिला त्या कागदाची गरज राहिली नव्हती. हाती घेतलेलं काम टाकायचं नाही, एवढंच त्यात होतं.

हे सांगण्याला एक कारण आहे. माझ्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांची मुलगी सुरेख गाते. शेवटच्या वर्षाला होती. एका वाहिनीच्या चाचणीत दोन फेऱ्या पार झाल्या आणि घरात वाद पेटला. सुभेदार साहेबांचा फोन आला, "सर, तुम्हीच समजवा तिला. कॉलेज सोडते म्हणतेय." मग मुलगी फोनवर आली. म्हणाली, "काका, परीक्षेचं काय, ती पुढच्या वर्षीही देता येईल. ही संधी परत येईल का?" तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. मी तिला एवढंच विचारलं, "स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय करणार आहेस, ते लिहून काढ. जिंकलीस तर काय, आणि हरलीस तर काय. दोन्ही." दोन दिवसांनी तिनं लिहून पाठवलं. हरल्यावरचं पान भरलेलं होतं : परीक्षा, रियाज, गुरुजींकडे परत. जिंकल्यावरचं पान जवळजवळ कोरं होतं. ती स्पर्धेला गेली, तिसऱ्या फेरीत बाहेर पडली, परत येऊन परीक्षा दिली. आता एका शाळेत संगीत शिकवते आणि रियाज चालू आहे. त्या कोऱ्या पानाचा मी अजून विचार करतो. आपण मुलांना हरण्यासाठी तयार करतो, जिंकण्यासाठी करतच नाही.

यात मुलांचाच दोष नाही, व्यवस्थेचाही भाग आहे. 'इंडियन आयडॉल' हे त्याच परदेशी नमुन्यावरचं भावंड. त्याच्या पहिल्या पर्वात मार्च 2005 मध्ये आपला मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला, कॅरीच्या अडीच महिने आधी. त्या वेळी मराठी घरांत काय आनंद होता, तुम्हाला आठवत असेल. अभिजीत आजही गातो, लोक त्याला विसरलेले नाहीत. पण दोघांच्या वाटेतला फरक पाहा. नॅशव्हिलमध्ये गायकाच्या स्वतःच्या नावावर अल्बम निघतो, कंट्री वाजवणारी रेडिओ केंद्रं देशभर आहेत, बस घेऊन गावोगाव दौरे होतात. आपल्याकडे लोकप्रिय गाणं म्हणजे मुख्यतः सिनेमाचं गाणं. तिथं संगीतकार एका गाण्यापुरता आवाज निवडतो, पुढच्या गाण्याला दुसरा. स्पर्धेतला विजेता पुन्हा रांगेत उभा. त्यामुळे आपल्या मुलामुलींची कॅरीशी तुलना करून त्यांना कमी लेखू नका. त्यांची चढण वेगळी आहे.

मतदानाचंही तसंच. 2007 मध्ये कोलकाता पोलिसातला शिपाई, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, तिसऱ्या पर्वात जिंकला. डोंगरातल्या लोकांनी वर्गणी काढून एसएमएस पाठवले होते. गोरखा जवानांबरोबर ज्यानं काम केलंय त्याला तो अभिमान समजतो. चेकोटानंही कॅरीसाठी असाच जीव टाकला. असं प्रेम मोलाचं असतं. पण गाव मत एकदाच देतं, गाणं मात्र रोज गावं लागतं.

आता चौथी गोष्ट : प्रतिहल्ला. तो आलाच. 10 नोव्हेंबर 2017 रोजी नॅशव्हिलच्या घराबाहेर पायऱ्यांवर ती पडली. मनगट मोडलं, चेहऱ्यावर चाळीसहून जास्त टाके पडले. ज्या बाईचा चेहरा हा तिच्या व्यवसायाचा भाग, तिच्यावर काय गुजरलं असेल याची कल्पना करा. त्याच सुमाराला तीनदा गर्भपाताचं दुःख सोसावं लागल्याचं तिनं स्वतः 2018 मध्ये टीव्हीवर सांगितलं. काही महिने ती लोकांपुढे आलीच नाही. एप्रिल 2018 मध्ये लास व्हेगासच्या मंचावर उभी राहिली आणि 'क्राय प्रिटी' हे स्वतः सहलेखन केलेलं गाणं गायली. रडू आलं की ते सुंदर करून दाखवता येत नाही, असा त्याचा आशय. त्याच नावाचा अल्बम सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या स्थानी उतरला.

फौजी म्हणून एका गाण्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. 2008 मध्ये तिचं 'जस्ट अ ड्रीम' गाजलं. एक तरुण मुलगी पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये येते. ऐकणाऱ्याला वाटतं लग्न आहे. हळूहळू उलगडतं की ही सैनिकाची अंत्ययात्रा आहे. घडी घातलेला झेंडा घरच्यांच्या हाती देण्याचा जो क्षण असतो, तो मी कर्तव्य म्हणून पार पाडला आहे. त्या वेळी देणाऱ्यानं काय बोलावं याचे शब्द ठरलेले असतात, घेणाऱ्याच्या डोळ्यांकडे कसं पाहावं हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या त्या गाण्यानं ते डोळे बरोबर पकडले आहेत. 2006 च्या नाताळात ती इराकमध्ये जाऊन तिथल्या अमेरिकी सैनिकांपुढे गायली होती. त्या युद्धाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, घरापासून लांब असलेल्या जवानाला सणाच्या दिवशी गाणं ऐकवणाऱ्याचं मोल मला ठाऊक आहे.

ऑप्रीचं बोलावणं तिला मार्च 2008 मध्ये आलं. रँडी ट्रॅव्हिस या बुजुर्ग गायकानं मंचावर येऊन ते दिलं. 10 मे रोजी गार्थ ब्रूक्सच्या हस्ते ती सभासद झाली. टीव्हीवरून आलेली 'आयती' मुलगी तीन वर्षांत घरची झाली.

आणि 20 जानेवारी 2025. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी, संसद भवनाच्या घुमटाखाली. तिनं एक देशभक्तिगीत गायचं होतं. पार्श्वसंगीत सुरूच होईना. जगभर थेट प्रक्षेपण, समोर सगळे सत्ताधारी, आणि शांतता. राजकारण बाजूला ठेवा, गायकाची अवस्था पाहा. थोडा वेळ ती थांबली, मग समोरच्यांना शब्द येतच असतील, साथ द्या, अशा अर्थाचं काही बोलली आणि नुसत्या गळ्यावर सुरू केलं. सूर हलला नाही. आम्ही सरावात मुद्दाम वायरलेस सेट बंद करतो, ते याचसाठी. यंत्र बंद पडल्यावर उरतं ते तुमचं प्रशिक्षण. चेकोटाच्या चर्चमध्ये आणि जत्रेत गायलेली ती सगळी वर्षं त्या दिवशी कामाला आली.

त्याच वर्षी मार्चमध्ये ती 'अमेरिकन आयडॉल'वर परतली, परीक्षक म्हणून. ज्या टेबलासमोर वीस वर्षांपूर्वी ती उभी राहिली होती, त्याच्या पलीकडे आता ती बसते. या वीस वर्षांत त्या स्पर्धेनं डझनाहून जास्त विजेते दिले, पण परीक्षकाच्या खुर्चीवर येऊन बसलेली विजेती ही पहिलीच.

तुमच्या घरात, शेजारात गाणारं, खेळणारं, नाचणारं मूल असेल तर त्याला स्पर्धेला जरूर पाठवा. टेकडी चढायची नाही असं कुठलाही सैनिक सांगणार नाही. फक्त जाण्याआधी त्याच्यासमोर एक कागद ठेवा आणि जिंकल्यानंतरच्या सकाळचं पान त्याच्याकडून भरून घ्या. कुठलं गाणं, कुठला गुरू, अर्धवट राहिलेलं कुठलं काम. पान कोरं राहिलं तर रागावू नका, त्याच्याबरोबर बसा.

जय हिंद.